“मला आवडलं नाही” म्हणजे “ते वाईट आहे” का?

(कामठा, जि. गोंदिया येथे बचत गटांतल्या बायका आणि कार्यकर्त्या यांच्यापुढे केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

धान घरात आलं, चुरणी व्हायची ज्यांची राहिलीय त्यांचं लक्ष अर्धं इकडे आणि अर्धं खळ्यावर आहे, हे मला दिसतंय. त्यामुळे फार लांबण लावत नाही. मला विषय दिला होता “स्त्रिया आणि मनोरंजन”. या विषयावरचं माझं भाषण तयारच असतं. सिनेमा, टीव्ही, तमाशा सगळीकडे बाईला उपभोग्य वस्तू कसं केलंय, हे मी गेली दहा वर्षं शिबिरांतून सांगत आले आहे. त्यात खोटं काही नाही. पण आज ते भाषण करायचं नाही असं मी येताना बसमध्ये ठरवलं. त्याऐवजी मी लिहिलेल्या एका अर्जाची गोष्ट सांगते.

तीनचार वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. दिवाळी झाली की आपल्याकडे मंडई लागते, एका गावची झाली की दुसऱ्या गावची. दिवसा सिंगाडे, ऊस, जिलेबी, पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या. रात्री दंडार नाहीतर नाटक. अलीकडे त्यात नाचाचे कार्यक्रम घुसले आहेत, “डान्स हंगामा” वगैरे नावाने. त्या गावच्या गटातल्या काही बायका माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ताई, हे बंद करायचं आहे, तुम्ही शिकलेल्या, अर्ज लिहून द्या. मी समाजकार्यात एम.ए. केलेलं. अर्ज लिहिणं हेच माझं शस्त्र. बसल्या बैठकीला दीड पान लिहिलं. “अश्लील”, “बीभत्स”, “संस्कृतीला काळिमा फासणारे”, “तरुण पिढीला अधोगतीला नेणारे”. वाचून दाखवलं तेव्हा मला स्वतःलाच बरं वाटलं.

सह्या सुरू झाल्या. चाळीसेक झाल्या असतील. एका म्हातारीसमोर शाईचा डबा ठेवला तर तिने हात मागे घेतला. म्हणाली, “माहा अंगठा नाही भेटत.” काहून म्हणून विचारलं, तर मलाच उलट विचारते, “तू पाह्यला का व बाई तो नाच?”

मी पाहिला नव्हता.

म्हणजे बघा, दीड पान मी ज्याच्यावर लिहिलं ते मी पाहिलंच नव्हतं. मोबाईलवर कोणीतरी पाठवलेली अर्ध्या मिनिटाची फीत तेवढी पाहिली होती. म्हातारी पुढे म्हणाली, “मले त मजा येते. सालभर बांधीत वाकून राहतो, एक रात मान वर करून पाहाले भेटते. तुले नाही आवडत त नोको येऊ.” बाकीच्या बायका हसल्या. काही तिच्यावर हसल्या, काही माझ्यावर. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हटलं, आधी पाहून येते.

पाहायला गेले ती मात्र नाचाच्या कार्यक्रमाला नाही, नाटकाला गेले, जिल्ह्याच्या दक्षिणेकडे. आपल्यातल्या बऱ्याच जणींना हे नवीन नाही, पण हे भाषण छापून बाहेरच्या मैत्रिणी वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पूर्वेकडच्या जिल्ह्यांचा झाडाझुडपांचा मुलूख. इथली नाटकं दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत चालतात. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, हे त्या कंपन्यांचं ठाणं. गावात शंकरपट असला की रात्री नाटक, असा जुना जोड. शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली तेव्हा नाटकवालेही धास्तावले होते. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परत परवानगी मिळाली. नाटक सुरू व्हायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात आणि संपायला पहाट. मंडपात पुढे जमीन खणून खोलगट जागा केलेली, त्यात पेंढ्यावर, पोत्यावर लोक बसतात, मागचे खुर्च्यांवर. कथा असते कुटुंबाची, भावाभावांच्या वैराची, दारूची, हुंड्याची. मध्ये गाणी, एखादी लावणी, आणि विनोदी नट. त्या विनोदी नटावर अर्धं तिकीट खपतं. अशाच नटांपैकी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी कुठे आहे ते शोधावं लागलं असेल.

तर मी बायकांच्या बाजूला बसले. मध्ये दोरी बांधलेली, दोरीपलीकडे पुरुष. थंडी मरणाची. शेजारची एक वहिनी लेकराला कांबळ्यात गुंडाळून बसली होती, तिने मलाही त्यात घेतलं. दोनच्या सुमाराला लावणी झाली. मी जपून बसले होते, आता काहीतरी बीभत्स बघायचंय म्हणून. ती बाई छान नाचली. नऊवारी, घुंगरू, डोळे. मला त्यात खटकण्याजोगं फार काही सापडलं नाही. शेजारची वहिनी मात्र मान खाली घालून बसली. “शोभते काय असं,” म्हणाली.

मग तासाभराने विनोदी प्रवेश आला. नवरा बायकोला झोडपतो, ती मंचभर पळते, तो तिच्या झिंज्या धरतो, आणि प्रत्येक फटक्याला ढोलकीवर थाप. अख्खा मंडप हसला. दोरीच्या दोन्ही बाजूंनी हसला. माझ्या कांबळ्यातली वहिनी इतकी हसली की लेकरू जागं झालं. माझ्या पोटात मात्र गोळा आला, कारण त्याच आठवड्यात मी एका पोरीला, हाताचं हाड मोडलेल्या, घेऊन दवाखान्यात बसले होते.

आता सांगा, एकच मंडप, एकच रात्र, एकच कांबळं. तिला जे ओंगळ वाटलं ते मला सुंदर वाटलं. मला जे भयंकर वाटलं त्यावर ती पोट धरून हसली. पहाटे चहाच्या टपरीवर आणखी चौघींना विचारलं. एकीला नायिकेचं रडणं आवडलं, एकीला गाणी, एकीला नाटक ठीकच वाटलं पण माहेरच्या मैत्रिणी भेटल्या म्हणून रात्र सोन्याची. चौथी म्हणाली, “मी त झोपली होती व ताई. घरी कोण झोपू देते?” हेही मनोरंजनच की. तिकीट काढून झोपायला जाणारी बाई कुठल्या समीक्षेत बसते, मला माहीत नाही.

मी माझा अर्ज तेव्हा मनात परत वाचला आणि लक्षात आलं की त्यात दोन वेगळी वाक्यं मी एकमेकांत कालवली होती. “मला आवडलं नाही” हे एक वाक्य, आणि “हे चुकीचं आहे” हे दुसरं. पहिल्या वाक्याला कारण लागत नाही. मला कारलं आवडत नाही, संपलं. माझ्याकडून ते कोणी काढूनही घेऊ शकत नाही, आणि त्यावरून तुमच्या ताटातलं कारलं मला उचलताही येत नाही. दुसऱ्या वाक्याला कारण लागतं, आणि कारणही असं हवं की ज्या बाईला माझी आवड पटत नाही तिलाही ते तपासून बघता आलं पाहिजे. कोणाला इजा झाली? कोणावर जबरदस्ती झाली? कोणाचे पैसे बुडाले? माझ्या दीड पानात असं एकही कारण नव्हतं. सगळं “काळिमा” आणि “अधोगती”. म्हणजे “मला आवडलं नाही” हेच मी दुसऱ्या वाक्याचं लुगडं नेसवून उभं केलं होतं.

बरं, ही माझी आवड तरी आली कुठून? ती काही मी पोटातून घेऊन आले नाही. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. विजय कोंडके यांचा सिनेमा, अलका कुबल त्यात सोसणारी सून. महाराष्ट्रातल्या बायका बैलगाड्या जुंपून तो बघायला गेल्या. माझी आई गोंदियाला जाऊन बघून आली, मी तेव्हा तिच्या कडेवर. पुढे नागपूरला वसतिगृहात राहायला गेले. तिथे आम्ही मैत्रिणी या सिनेमाची नक्कल करून हसायचो. पदर तोंडात कोंबून रडायचं, की बाकीच्या लोळायच्या. स्त्रीवादी म्हणवून घ्यायची ती एक सोपी परीक्षाच होती: ‘माहेरची साडी’ला हसता येतं का? सुट्टीत घरी आल्यावर मी आईपुढेही ती नक्कल केली. आई हसली नाही. म्हणाली, “तुझी आजी गेली तेव्हा मला माहेरी पाठवलं नव्हतं. रडायलाही घरात जागा नव्हती. त्या टॉकीजमध्ये मी तीन तास रडले, कोणी विचारलं नाही काहून रडतेस म्हणून.”

सिनेमा चांगला होता असं माझं आजही मत नाही. सुनेने सोसत राहावं, हे त्यातलं मला पटत नाही, कधीच पटणार नाही. पण आईचं रडणं खोटं होतं, मागास होतं, असं म्हणायचा अधिकार मला कोणी दिला? वसतिगृहाने दिला, पुस्तकांनी दिला, आणि खरं सांगायचं तर पुढे शिकता आलं या नशिबाने दिला. आपली आवड ही आपली असते हे खरंच, पण तिच्यात आपली जात, आपलं शिक्षण, आपण शहरात किती दिवस राहिलो हे सगळं मुरलेलं असतं. लोणच्यात मीठ मुरतं तसं. वेगळं काढून दाखवता येत नाही.

आणि हे एकट्या माझ्या अर्जापुरतं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. सरकारही हेच करतं. महाराष्ट्र सरकारने २००५ साली डान्स बारवर बंदी घातली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. हजारो बायकांचं काम एका फटक्यात गेलं. पण त्या कायद्यात एक गंमत होती. तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना ती बंदी लागू नव्हती. म्हणजे गरिबाच्या बारमध्ये बाई नाचली तर समाज बिघडतो, श्रीमंताच्या हॉटेलात नाचली तर ती कला! मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, आणि वरच्या वर्गाची करमणूक ती करमणूक व खालच्या वर्गाची तेवढी अनीती, हा भेदही नाकारला. सरकारने पुन्हा कायदे केले, २०१४ ला, २०१६ ला. त्यातल्या बऱ्याच अटी जानेवारी २०१९ मध्ये परत उडाल्या. स्त्री संघटनांतही तेव्हा कडाक्याची भांडणं झाली. काही जणी बारबालांच्या संघटनेसोबत उभ्या राहिल्या, काहींना वाटलं हे शोषण थांबलंच पाहिजे. मी तेव्हा शाळेत होते. पण आज विचाराल तर ज्यांनी आधी त्या बायकांकडे जाऊन त्यांचं ऐकून घेतलं, त्यांच्या बाजूने मी उभी राहीन.

आणखी मागे गेलं तर तमाशाचीही हीच कथा. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती; ती उठली तेव्हा वग आधी तपासून घ्यायची अट आली. आपण तेव्हा मध्यप्रांतात, म्हणून आपल्या आज्यांना त्याची झळ लागली नसेल. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचं पदक मिळालं, त्यांची अखेरची वर्षं मात्र हलाखीत गेली, २००२ साली त्या वारल्या, आणि आता राज्य शासन तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने देतं. ज्या समाजाला तमाशातली बाई घराच्या उंबऱ्याआत नको होती त्यालाच आता ती पुरस्कारावर हवी आहे. मत किती लवकर बदलतं बघा, आणि बाईच्या हातात काय पडतं तेही बघा.

आपल्या जवळचंच आणखी एक उदाहरण. मे २०२३ मध्ये उमरेडकडच्या एका रिसॉर्टवर पोलिसांनी छापा घातला. तोकड्या कपड्यांत बायका नाचत होत्या, पुरुष बघत होते. गुन्हा दाखल झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. तोकडे कपडे घालून नाचलं, पोलिसांना हावभाव अश्लील वाटले, एवढ्यावरून ते अश्लील कृत्य ठरत नाही आणि हा निर्णय पोलिसांच्या हाती सोडायला आम्ही तयार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. जुन्या दंड संहितेचं २९४ कलम, आता ते न्याय संहितेत २९६ झालंय, त्यात अट आहे की इतरांना त्या कृत्याचा त्रास व्हायला हवा. बघणाऱ्या अधिकाऱ्याला आवडलं नाही, एवढं पुरत नाही. हा निकाल वाचला तेव्हा मला माझा अर्ज आठवून कान गरम झाले. तरी एक गोष्ट नजरेआड करू नका: न्यायालयात दाद मागायला गेले होते ते बघणारे पुरुष.

आता समोरून एक प्रश्न येणार हे मला माहीत आहे. मागे बसलेल्या काकू मघापासून चुळबुळताहेत. “मग ताई, ज्याची त्याची आवड म्हणून सगळंच चालू द्यायचं का?” पुरुषही हेच म्हणतात ना. तुम्ही काही बोललात की म्हणणार, तुम्हाला नाही आवडत तर बघू नका.

नाही. सगळं चालू द्यायचं नाही. म्हणूनच तर दोन वाक्यं वेगळी करायची. मंचावर पंधरा वर्षांची पोर नाचवली, तर माझ्या आवडीचा प्रश्नच येत नाही; ते चूक आहे, आणि मला नाच कितीही आवडत असला तरी चूक आहे. नाचणारीच्या अंगाला कोणी हात लावला, चूक. ठरलेले पैसे रात्री दिले नाहीत, चूक. २०२३ च्या फेब्रुवारीत गौतमी पाटील हिचं प्रकरण आठवतंय? वर्षभर सगळा महाराष्ट्र तिच्या नाचावर मतं देत होता. लावणी करणाऱ्या जुन्याजाणत्या बायकाही म्हणत होत्या की ही लावणी नव्हे. असेल, नसेल, तो आवडीचा आणि परंपरेचा वाद आहे, जरूर घालावा. पण त्याच दिवसांत ती कपडे बदलत असताना कोणीतरी चोरून चित्रण केलं आणि पसरवलं. तो गुन्हा होता. राज्य महिला आयोगाने दखल घेतली. तिच्या नाचावर तावातावाने बोललेल्या किती जणांनी या गुन्ह्यावर तोंड उघडलं? आणि ती चित्रफीत “बघा कशी आहे” म्हणत पुढे पाठवणारे तर तिच्या नाचाला नावं ठेवणारेच होते, निदान माझ्या ओळखीचे तरी.

त्या नाटकाच्या पहाटे मी मंडपामागे गेले होते. लावणीवाली बाई गाडीच्या पायरीवर बसून पायाचा रंग पुसत होती. नागपूरची. घरी दोन मुलं. मी मोठ्या आवेशात विचारलं, “लोक असं बघतात, तुम्हाला वाईट नाही वाटत?” ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. म्हणाली, “ताई, बघायलाच तर बोलावलंय. बघू नये असं मला वाटलं असतं तर मी दुसरं काम केलं असतं.” मग बोटं मोडून सांगितलं तिने काय खुपतं ते. कपडे बदलायला एक फाटका पडदा, त्याला पोरं डोळे लावून. संडास नाही, अकरा वाजल्यापासून पाणी प्यायचं नाही, म्हणजे जावं लागणार नाही. पाळी आली तर विचारूच नका. थंडीचं शेकायला काही नाही. आणि गावातल्या बायका, हे ती सगळ्यात शेवटी म्हणाली, बायका नळावर पाणी भरू देत नाहीत.

मैत्रिणींनो, तिने सांगितलेल्यातली एक तरी गोष्ट माझ्या अर्जात होती का? आणि शेवटची तक्रार तर आपल्याच विरुद्ध आहे.

नवरा बायकोला झोडपतो त्या विनोदाचं काय, हे राहिलं. त्यावर माझं मन अजून पूर्ण ठरलेलं नाही. तो प्रवेश बंद करा असा अर्ज मी लिहिणार नाही. आज माझ्या अर्जावर तो बंद झाला तर उद्या दुसऱ्याच्या अर्जावर हुंड्याविरुद्धचं नाटक बंद होईल, आणि त्याचा अर्ज माझ्यापेक्षा भारी असेल, कारण त्याच्यामागे पैसा असेल. पण गप्पही बसणार नाही. त्या वहिनीला मी पहाटे विचारलं, तू एवढी कशाला हसलीस? ती म्हणाली, “आमच्या घरचंच वाटलं.” आणि तिचं हसू तिथेच थांबलं. पुढे काही बोलली नाही, मीही बोलले नाही. आवड बदलत नाही असं थोडंच आहे? पण ती अशी बदलते, शेजारी बसून. दीड पान लिहून नाही. जुन्या दंडारीत बायकांची सोंगंही पुरुषच घ्यायचे, बाईने मंचावर यायचंच नाही. आज ती तिथे उभी आहे. उद्या नाटक लिहायला बसली तर तो प्रवेश ती वेगळा लिहील, अशी माझी आशा आहे.

यावरून शेवटची एक गोष्ट. मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी एक साधा प्रश्न विचारला. तुम्हाला काय बघायला आवडतं? बावीस बायका होत्या. पहिली म्हणाली, आमच्या घरी बातम्या असतात. दुसरी, पोरांना कार्टून लागतं. तिसरी, आमचे हे क्रिकेट लावतात. मी म्हटलं, अहो, तुम्हाला काय आवडतं? बराच वेळ कोणी बोललं नाही. एक जण हळूच म्हणाली, “मले कोणी विचारलंच नाही कधी.” मग मात्र सुरू झाल्या. एकीला रोवणीची गाणी आवडतात, बांधीत दहाजणी वाकलेल्या असताना गायची ती. एकीला भुलाबाई. एकीला मारामारीचे सिनेमे, यावर सगळ्या ओरडल्या. एकीला रात्री साडेआठची मालिका, कारण तेवढा अर्धा तास सासू आणि ती एका बाजूच्या असतात. पुण्या-मुंबईकडे फक्त बायकांसाठी लावणीचे प्रयोग होतात आणि तिथे बायका शिट्ट्या मारतात, हे मी सांगितलं तर एक आजी म्हणाली, “मले येते शिटी.” आणि वाजवून दाखवली.

मनोरंजनाबद्दलची मतं व्यक्तीव्यक्तीची असतात म्हणतात. पण आपल्यापैकी कितींना व्यक्ती म्हणून मत असायची परवानगी आहे? घरातला रिमोट कोणाच्या हातात असतो? मंडईची वर्गणी घराघरातून जाते, त्यात आपल्या धानाच्या मजुरीचेही पैसे असतात. रात्री काय ठेवायचं हे ठरवायला किती बायका बसतात? या कामठ्याच्या जमीनदारीचा इतिहास सांगतात, १८१८ साली चिमना पटेलांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला तो सांगतात. त्या काळी कामठ्यातल्या बायका कशावर हसत होत्या, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

तो अर्ज मी फाडला. दुसरा लिहिला, पाऊण पानाचा. मंडईच्या समितीत बायका घ्या. कलावंत बायकांना कपडे बदलायला चार भिंतींची बंद खोली द्या, शाळेची चालेल. संडासाची आणि पाण्याची सोय करा. अठरा वर्षांखालची मुलगी मंचावर नाचवायची नाही. मानधन कार्यक्रमाआधी द्या. बायकांच्या बाजूला उजेड ठेवा आणि रात्री घरी जायच्या वाटेवरही ठेवा. दारू पिऊन मंडपात येणाऱ्याला बाहेर काढा. नाच चांगला की वाईट यावर त्यात एक अक्षर नाही. नाच अजूनही नको असलेल्या बायकांनीही त्यावर सही केली, आणि त्या म्हातारीने अंगठा दिला. त्या गावात यातल्या तीन गोष्टी झाल्या, बाकीच्या राहिल्या.

त्याची प्रत मी आणली आहे. तुमच्या मंडईला पंधरा दिवस आहेत असं कळलं. यात काय वाढवायचं, काय खोडायचं ते तुम्ही सांगा. समितीच्या बैठकीला मीही येईन, पण बोलायचं तुमच्यातल्या कोणीतरी. काकू, तुम्ही मघापासून काही म्हणणार होतात. बोला.